थोरलीला मोडीत काढलं तेव्हा

माझी मावशी विमान कंपनीच्या शिवणखात्यात होती. खुर्च्यांची कव्हरं, पडदे, सगळं तिच्या हातचं. कंपनीचं पहिलं जंबो जेट आलं त्याच वर्षी ती नोकरीला लागली. नंतर तशी आणखी विमानं आली, पण मान या पहिलीचाच, म्हणून कामगार त्या विमानाला 'थोरली' म्हणायचे. आतला गोल जिना बघून मावशी म्हणाली होती, "आमच्या घराला जिना नाही आणि हिच्या पोटात आहे."

मावशी निवृत्त झाली, तशी थोरलीही. तिला धावपट्टीच्या टोकाला गवतात उभी केली. हिचं संग्रहालय करू, असा कंपनीने शब्द दिला. मग मावशी आणि रंगखात्यातले पेंटरकाका यांनी जुन्यांची टोळी जमवली. दर रविवारी बादल्या-फडकी घेऊन ही म्हातारी मंडळी थोरलीला आंघोळ घालायची. फाटलेली कव्हरं मावशी घरच्या मशीनवर शिवायची. तिची मुलगी कुरकुरायची, "घरातल्या उशांना खोळी नाहीत."

"उशा कुठे पळून चालल्यात?"

संग्रहालयाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं. एका रविवारी मंडळी पोचली तर फाटकाला नवं कुलूप. जाळीपलीकडे थोरलीचं नाक जमिनीवर होतं, शेपूट नव्हतं, आणि एक यंत्र तिच्या पोटाचे लचके तोडत होतं. पहारेकरी ओळखीचा. मान खाली घालून म्हणाला, "तुम्हाला कळू द्यायचं नाही, असा हुकूम होता."

मावशी रडली नाही. घरी येऊन तिने भांडी अशी आदळली की शेजारीण विचारायला आली.

महिन्याभराने आमंत्रण आलं, थोरलीच्या निरोप समारंभाचं. मी मावशीबरोबर गेले. मोठ्या साहेबांनी भाषण केलं, मग प्रत्येकाला मखमली डबीत थोरलीच्या पत्र्याचं किचेन दिलं. मावशीची पाळी आली.

"साहेब, निरोप जाणाऱ्याला देतात. ती कुठे जात नव्हती, तुम्ही तिला कापलीत. तेवढं बोला, मग घेते."

"तुमच्या भावना समजतात, पण जागेची अडचण..."

"भावना राहू द्या. मोडायचीच होती तर आधी सांगायचं. बळीच्या बकऱ्याला न्हाऊ घालायला ठेवलं होतं का आम्हाला?"

कुणीतरी घाईघाईने गाणं लावलं. मावशीने डबी टेबलावर ठेवली. मागच्या सगळ्यांनी एकेक करून ठेवल्या. पेंटरकाकांनी मात्र खिशात घातली.

साहेबांपेक्षा तिला काकांचाच राग जास्त आला. त्यांचा फोन आला की मला घ्यायला लावायची आणि त्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, "सांग, मी घरी नाही."

शेवटी ते दारातच येऊन उभे राहिले.

"बाई, तुमच्याकडे तिचं उरलेलं कापड तरी आहे. माझा रंग तिच्याबरोबर गेला. त्या तुकड्यावर माझा निळा होता."

"मग तसं तिथे बोलायचं होतंत."

"धीर झाला नाही. पेन्शन त्यांच्या हातात."

"माझी काय आभाळातून पडते?"

चहा तिने दिला, पण कप आपटून. कंपनीच्या फाटकाशेजारी थोरलीचा मोठा फोटो लागलाय, खाली 'आता विश्रांती घेत आहे' असं लिहिलंय, हे काकांनीच सांगितलं. मावशी उठली. "ब्रश आहे का अजून?"

भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मावशीने रंगाचा डबा धरला आणि काकांनी फोटोखालच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: 'हिला कंपनीने मोडीत काढलं.' पहारेकऱ्याने पाठ फिरवली होती.

दुसऱ्या दिवशी ते पुसलं गेलं. कंपनीने काकांना बोलावून दिवसभर कार्यालयात बसवून ठेवलं. मावशी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. ते सुटल्यावर दोघं चालत निघाले. तिचा कंपनीवरचा राग आजही तसाच आहे. वाटेत ती काकांना एवढंच म्हणाली, "कंपनी हा शब्द मोठा काढायला हवा होता."

"पुढच्या वेळी," काका म्हणाले.