चिकूच्या वाडीतला रूळ

परवा अंगणात ओल्या मुरमाचा वास आला आणि साठच्या दशकातली घोलवडची आमची चिकूची वाडी आठवली. वडील रेल्वेत असताना त्यांच्या देखरेखीखालचा रूळ एकदा खचला होता. माणसे जखमी झाली होती. निवृत्तीनंतर ते वाडीत आम्हा भावंडांच्या चावीच्या आगगाडीसाठी रुळाचा पाया घालत होते. चिकूच्या आळ्यांत पाणी सोडले की मुरूम खचे. ते पुन्हा उकरत, खडी ठोकत, दिवसभर येरझारा घालत.

"अहो, खेळण्यातली गाडी आहे ती!" आई वैतागली.

"जमिनीला कुठे ठाऊक आहे?"

चौथ्या खेपेला पाया टिकला. गाडी धावली, आम्ही टाळ्या वाजवल्या. वडील वाकून रुळाखालीच पाहत राहिले, याचा मला राग आला. आता ती गाडी आठवते, तेव्हा मीही रुळाखालीच पाहते.