पौर्णिमेची ट्रायल

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्याच दुकानात मला जागा राहते का नाही, याची पैज लागली होती.

पैज लावली माझ्या पोरानं. जिन्सीत आमचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. उभं मी केलं, आता चालवतो तो. त्याला चाकांच्या अलाइनमेंटची मशीन आणायची होती आणि ती नेमकी माझं टेबल आहे त्याच कोपऱ्यात बसत होती. दुसरीकडं कुठंच बसत नव्हती म्हणे. मी टेप धरून मोजून दाखवलं, तरी बसत नव्हती.

त्याच आठवड्यात लासूर स्टेशनचा एक बियाण्यांचा व्यापारी आपली गाडी टेम्पोवर टाकून घेऊन आला. लाल, दोनच माणसांची, परदेशातली जुनी स्पोर्ट्स कार. जमिनीला इतकी टेकलेली, की आत बसायला पाटावर बसायची सवय पाहिजे. गिअरपाशी एक बटन आणि त्याचा लाल-हिरवा दिवा. दाबलं की शॉकअप कडक, पुन्हा दाबलं की नरम. आता मात्र कितीही दाबा, नुसता दिवा डोळे मारायचा आणि गाडी कायमची कडक.

व्यापारी म्हणाला, "ही चालवत आणली असती तर गाडीआधी मला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. घाई नाय, पण नीट करा."

पोरगं चारी चाकांवर वाकून आलं आणि म्हणालं, "बाबा, हर एक शॉकअपच्या डोक्यावर ॲक्चुएटर असतो. चारी गेलेत. नवीन मिळत नाहीत. गाडी वापस करू."

"ॲक्चुएटर कशाला म्हणतो? टोपी हाय ती. टोपीत मोटर, मोटर दांडी फिरवती, दांडी आतलं तेलाचं भोक बारीक-मोठं करती. खोल."

"ते खोलायचं नसतं. सीलबंद येतं."

"सील माणसानंच लावलं ना? मग माणूसच काढील."

तिथंच ठरलं. टोप्या चालू झाल्या तर टेबल राहणार. नाही झाल्या तर टेबलाच्या खणाची चावी त्याला द्यायची आणि मी घरी बसायचं. निकाल कोण देणार? त्याच्या मशीनवर माझा भरवसा नाही, माझ्या हातावर त्याचा नाही. मग दोघांनी मिळून त्याच्या मायचं नाव घेतलं.

यात नवल काहीच नाही. तिची कंबर हे आमच्या दुकानाचं सर्वात जुनं अवजार. जीप असो का टेम्पो, शॉकअपचं काम झालं की मी तिला मागं बसवून एक चक्कर मारायचो. दुसऱ्याला खड्डा कळतो, तिला रस्त्याची शिवण कळते. दुकानातली पोरं तिला पाठीमागं 'मीटर' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, म्हणून दर चक्करीला ती भजी वसूल करायची.

रात्री जेवताना मी हळूच म्हणालो, "अगं, कसंबी वाटलं तरी झकास म्हणायचं."

"म्हणीन की! तुम्ही घरी बसलात तर मी कुठं जाऊ? मागं तापात घरी होता, तर डब्यांची झाकणं ढिली हायेत म्हणून ठोकून ठेवली. शेंगदाण्याचा डबा अजून उघडत नाय."

म्हणजे निकाल खिशात. मी निवांत टोप्या खोलल्या. मोटरचे कार्बन झिजले होते. मिक्सरचे कार्बन आणून घासून घासून बारीक केले. आतल्या पत्र्या खोडरबरानं उजळल्या. एका टोपीतली प्लास्टिकची इवलीशी दात्यांची गरारी तडकली होती, तिच्या कमरेला पितळी कडं चढवलं. सगळ्या टोप्या माझ्या रिवाजानं आधी शून्यावर, म्हणजे नरम बाजूला आणल्या आणि जागेवर बसवल्या. बटन दाबलं. दिवा डोळे मारायचा थांबला.

"आत्ताच्या आत्ता ट्रायल!" मी ओरडलो. "माय कुठं हाय?"

"विहारात," पोरगं म्हणालं.

बरंच झालं. विहार हर्सूलकडं, तिकडचा रस्ता पार उखडलेला. पोरानं गाडी काढली, मी मागून स्कूटरवर. ती विहारातून बाहेर आली ती पांढऱ्या साडीत. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी तिला खूण म्हणून डोळा मारला.

"डोळे काय मारता? पौर्णिमा हाय आज. आत्ता पंचशील घेऊन आले. खोटं बोलायचं नाय."

मी तिच्या कानाशी लागलो. "उद्या घेतलं असतं तर?"

"शील काय तुमच्या ट्रायलच्या सोयीनं घेत्यात व्हय?"

ती पदर सावरून गाडीत बसली, म्हणजे जवळजवळ झोपलीच. पोरगं तिला न सांगता बटन दाबत हर्सूलच्या तळ्यापर्यंत गेलं आणि परत आलं. तोवर मी दोनदा स्कूटर पुसली. गाडी थांबली. उतरायला आम्ही दोघांनी तिला हात दिला.

"बोल माय," पोरगं म्हणालं. "फरक हाय का नाय?"

"फरक हाय. एक चाल पाळण्यावाणी, दुसरी गाढवावाणी."

मी स्कूटरच्या सीटवर थाप मारली.

"थांबा, नाचू नका. ह्यानं हिरवा दिवा लावला की गाढव अन् लाल लावला की पाळणा. नरमाचा दिवा कोणता रं?"

"हिरवा."

"मग उलटं बसलंय."

खरं होतं. शॉकअपमधल्या दांड्या कडक बाजूलाच राहिल्या होत्या आणि मी त्यांवर टोप्या नरमावर ठेवून बसवल्या होत्या. तरी मी म्हणालो, "गिऱ्हाइकाला दोन्ही चाली पाहिजे होत्या, दोन्ही दिल्या. दिवे बदला."

"हरलात बाबा," पोरगं म्हणालं आणि चावीसाठी हात पुढं केला.

तिनं त्या हातावर चापट मारली. "पैज काय होती? टोप्या चालू करायच्या. झाल्या का नाय?"

"झाल्या, पण उलट्या."

"मग काम अर्धंच झालंय की. अर्ध्या कामावर कारागिराला उठवत्यात का? काम संपंपर्यंत टेबल त्यांचं. मी आज खोटं बोलत नाय, पर हिशोब तर येतो मला."

"अन् संपणार कधी?"

"ते त्यांना इचार. हात त्यांचे हायेत."

मी स्कूटरला किक मारली. माझं शील घ्यायचं राहिलं होतं, तरी खोटी तारीख दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या आधी जाऊन मी दुकानाचं शटर उघडलं. काम तसं स्क्रू-ड्रायव्हरच्या एका पिळाचं: टोपी उचलायची, दांडी दुसऱ्या बाजूला फिरवायची, टोपी बसवायची. चहावाला यायच्या आत तीन टोप्या सुलट केल्या. चौथी पार खोलली आणि तिचा एक एक तुकडा टेबलभर पसरून मांडला.