चिंच लावून घासलेलं इंजिन

भांडी घासण्यात माझा हात धरणारी बाई आमच्या गावात नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. बाकीच्या म्हणतात, गौराबाईच्या घरी पाणी प्यायचं म्हणजे तांब्याला बोट लावायची भीती. ओटी सारवताना मी एकदा झोपलेल्या सासऱ्यांना उठवून अंगणात बसवलं होतं. तेव्हापासून ते बिचारे दुपारचे गोठ्यातच झोपू लागले.

अशा बाईला नवरा मिळाला ड्रायव्हर. आधी दुसऱ्याची लॉरी चालवायचे. मग दुष्काळाच्या पुढच्या साली त्यांनी एक जुनी अँबेसेडर घेतली आणि चौक गावच्या नाक्यावर भाड्याला लावली. माझ्या मनात एकच, आईला तिच्यात बसवायचं. आई जन्मात मोटारीत बसली नव्हती. गेली तर बैलगाडीतून, नाहीतर पायी.

माहेर चौकच्या वाटेवरच. गाडी दारात नेली, तर आईने तिला एक फेरी मारली आणि बैलाचे दात बघावेत तसं बॉनेट उघडायला लावलं. आत तेल, धूळ, चिखल, सगळं थरावर थर.

"पोट येवढं काळं जिचं, तिच्यात मी नाय बसायची," असं म्हणून आई आत निघून गेली. भावजय पदराआड हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वच्छतेचं हे खूळ मला आईकडूनच आलेलं, तिला काय बोलणार?

"इंजिन आसंच आसतं गं," हे म्हणाले. असेल दुसऱ्यांचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघर कोयते-विळे धुऊन पुजायला मांडलेले. हे झेंडू आणायला गेले आणि मी पदर खोचला. पाणी घालू नये एवढं मला ठाऊक होतं, तेवढी मी हुशार. रॉकेलचा बोळा फिरवला, नारळाच्या शेंडीने सांधे खरवडले, पितळी नळ्यांना चिंच लावली, शेवटी खोबरेलाचा हात. एका काळ्या टोपणातून निघालेल्या चार जाड वायरी मात्र एकमेकींवर चढलेल्या, वेणी न घातलेल्या पोरीच्या केसांसारख्या. त्या उपसल्या, पुसल्या आणि एकीला दुसरी ओलांडणार नाही अशा सरळ, ओळीने लावल्या. मागे सरून बघितलं. देवघरातसुद्धा इतकं लख्ख नव्हतं.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली, नारळ फुटला. मी नवं लुगडं नेसून पुढे बसले. यांनी चावी फिरवली. गाडी खोकली, मागून फटाका वाजला, कोंबड्या शेजारच्या परसात पळाल्या आणि सगळं गप्प.

यांनी बॉनेट उघडलं. चेहरा आधी खुलला, मग पडला.

"वायरी कुनी काडल्या?"

"मीच. गुंता झालेला, सरळ केला."

"अगं, तो गुंता न्हवता. त्या तशाच लावायच्या आसतात."

"मग लावा की."

हे डोकं खाजवू लागले. कुठली कुठे, ते फक्त चौकच्या रमजान मेकॅनिकला ठाऊक.

शेवटी आमचेच बैल गाडीला जुंपले. मी म्हटलं, उतरते, तर हे म्हणाले, "बस आता. मिरवायचं हुतं ना?" अख्ख्या गावातून मी पदर तोंडावर ओढून गेले. खाली बघायचीही सोय नव्हती, कारण लुगड्यावर तेलाचा डाग पडलेला. आणि वाटेत माहेर. दुसरा रस्ता असता तर मी आनंदाने खाचरातून गेले असते.

आई दारातच उभी. पुढे येऊन तिने बैलांच्या कपाळावरून हात फिरवला.

"कुटं चाललाव?"

"चौकला, रमजानकडं," मी पदराआडून म्हटलं.

"बैल आपलंच ना?"

"आपलंच."

"मंग सरक."

मी मागे गेले आणि आई पुढे बसली, ताठ, डोक्यावर पदर घेऊन. वाटेत जो भेटेल त्याला आपणहून सांगत होती, "लेकीच्या गाडीतून चाललेय." मागे बसून मी डोळे पुसत होते आणि हसतही होते. सगळं घासणं-पुसणं माझं आणि मान मिळाला बैलांना!

रमजानने बॉनेट उघडलं आणि आधी यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. तो भला माणूस, हसला नाही. वायरी जागच्या जागी गेल्या. आता इंजिन चालू होणार म्हणून मी आईच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर आय. तू बैलांबरोबर जा घरी सावकाश."

आईने दार ओढून घेतलं.

"बैल दमलं, त्येंला सोडा," ती म्हणाली. "मी बसलीय हितं."