‘आणखी वाचा’च्या खाली

अर्धवट सांगणं ज्योत्स्ना ओव्हाळच्या स्वभावातच नव्हतं. तिला रस्ता विचारला तर वाटेतल्या गतिरोधकांसकट सांगायची. सोमाटण्यातल्या एका छोट्या कंपनीत ती नोकरीला होती. ही कंपनी मावळातल्या गुलाबांच्या पॉलीहाऊससाठी सॉफ्टवेअर बनवायची. पाणी कधी, खत किती, ऊन तापलं की बारीक फवारे केव्हा सुरू करायचे, हे सगळं भिंतीवरची एक पेटी ठरवायची. पेटीतलं सॉफ्टवेअर बदललं की काय काय बदललं ते शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर लिहून कळवणं, हे ज्योत्स्नाचं काम.

आणि तिथंच तिचं मालकांशी, अतुल सरांशी, वाजायचं. "‘किरकोळ सुधारणा केल्या आहेत’ एवढं पुरे," ते म्हणायचे. "वाचतंय कोण?"

असं म्हटलं की हिचं डोकं फिरायचं. तिचे वडील सुदुंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. एकदा कुणीतरी मशीनची सेटिंग बदलली आणि पुढच्या पाळीला सांगायचं राहून गेलं. वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. "कुणी सांगितलंच न्हाई," एवढंच ते आजही म्हणतात. त्या घरात वाढलेल्या मुलीला ‘किरकोळ’ या शब्दाचा राग येणारच.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवी आवृत्ती निघाली तेव्हा ती हट्टाला पेटली आणि जिंकली. मोठा, सविस्तर निरोप लिहिला. सुरुवातीला सस्नेह नमस्कार, मग कंपनीवरच्या विश्वासाबद्दल आभार, गुलाबाच्या हंगामाला शुभेच्छा. आपल्याकडे कामाचं बोलण्याआधी बसा, पाणी घ्या म्हणतातच, तसं. त्याखाली झालेल्या क्रमानं एकेक बदल. पेटीच्या स्क्रीनचा रंग, अहवालाची मांडणी, तारखा. तळाशी शेवटचा बदल: लाईट जाऊन आल्यावर फवारे आता आपोआप सुरू होणार नाहीत, पेटीवरचं हिरवं बटण दाबावं लागेल. बदल चांगल्यासाठीच होता. मागं लाईट अचानक येऊन, फवाऱ्यांची नळी साफ करणाऱ्या एका बाईच्या तोंडावर औषधाचं पाणी उडालं होतं.

उत्तरं भराभर आली. धन्यवाद, छान माहिती, जोडलेले हात. ज्योत्स्नानं ती अतुल सरांना मुद्दाम दाखवली.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली. ती दुपारी परत आली तेव्हा ऊन रणरणत होतं. ऑफिसच्या संगणकावर ज्योत्स्नानं पाहिलं, तर तिथं दिसणाऱ्या एकाही पॉलीहाऊसचे फवारे सुरू झाले नव्हते. दोन दिवसांवर फुलांची गाडी होती. उन्हात कळी उमलली की संपलं, उमललेलं फूल परदेशी जात नाही.

तिनं नमस्कारही न लिहिता एक ओळ सगळ्यांना पाठवली. "लाईट आली की पेटीवरचं हिरवं बटण दाबा." लगेच उत्तरं येऊ लागली. दाबलं. दाबलं. या वेळी कुणी धन्यवाद म्हटलं नाही.

एकट्या अमिनामावशींच्या नावापुढं एकच टिक राहिली, निरोप पोचलाच नव्हता. त्यांचं पॉलीहाऊस पवनानगरच्या पुढं, खोलगटात. रेंज फक्त वर चढावर. नवरा गेल्यापासून मावशींनी सगळा जीव त्या गुलाबांत घातला होता, आणि यंदा पहिल्यांदाच त्यांची फुलं परदेशी जायची होती. ज्योत्स्नानं स्कूटर काढली. पुढं धरणाकाठी तंबूत राहायला आलेल्या पाहुण्यांची जीप रस्ता अडवून रमतगमत चालली होती. ज्योत्स्ना हॉर्न वाजवत राहिली. आपण सगळं लिहिलं होतं, एवढंच ती मनाला बजावत होती, आणि मन काही ऐकत नव्हतं.

मावशी शेडमध्ये निवांत खोकी जोडत बसल्या होत्या.

"मावशी, फवारे?"

"चालू असतील की. लाईट आली मगाशीच."

दोघी आत धावल्या. आत भट्टीसारखं तापलं होतं. ज्योत्स्नानं दाखवलेलं हिरवं बटण मावशींनी दाबलं, फवारे फुसफुसले, पण उन्हाकडच्या रांगा उमलून गेल्या होत्या. लालभडक, टपोरी, कुणालाही आवडावीत अशी फुलं. सावलीकडच्या थोड्या कळ्या तेवढ्या मिटलेल्या होत्या. मावशी त्या मोजू लागल्या.

"मी निरोप पाठवला होता, मावशी," ज्योत्स्ना कसंबसं म्हणाली.

"व्हय की. मी धन्यवाद बी धाडलं." मावशींनी फोन काढला. नमस्कार, आभार, शुभेच्छा, आणि मग ‘आणखी वाचा’. त्यांनी तिथं पहिल्यांदाच बोट लावलं. निरोप उलगडत गेला आणि त्यांचा अंगठा खाली सरकत राहिला. तळाशी पोचून त्यांनी ती ओळ हळूहळू वाचली.

"हितं व्हतं व्हय," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं व्हतंस, पोरी. मलाच दिसलं न्हाई."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर ज्योत्स्नाला सोसलं असतं. "नाही मावशी, ते मी तळाशी पुरलं होतं," ती म्हणाली. अतुल सरांच्या ‘किरकोळ सुधारणां’च्या ओळीनंही हेच झालं असतं, हे तिला कळत होतं. पण आज तो आधार घ्यावासा वाटेना.

निघताना मावशी चढापर्यंत सोबत आल्या. वर येताच त्यांच्या फोनला रेंज मिळाली आणि दुपारची ती एक ओळ आत्ता येऊन पडली. मावशींनी चष्मा सावरून ती वाचली आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.

ज्योत्स्नाच्या खिशात फोन वाजला. "दाबलं" असणार, हे तिला ठाऊक होतं. तिला तो काढून बघवेना.