खाकी कव्हरातला तत्त्वज्ञ

मिरजेहून निघताना लाडवांच्या डब्याखाली तो खंड ठेवला, तेव्हाच उघडून बघायला काय झालं होतं मला!

खंड व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज तत्त्वज्ञ-समीक्षकाचा. माझी थोरली बहीण सुशीताई कॉलेजात इंग्रजी शिकवायची. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पाटावर बसून त्याचे निबंध वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. मी भाकरी थापत ऐकायची. माझं इंग्रजी बेताचंच, पण हा बुवा मला घरचा वाटायचा. आता ताई सिंगापूरला मुलाकडे असते. नजर पार अधू झालीय. फोनवर म्हणाली, "येताना तेवढा खंड आण गं. डोळे गेले तरी कान आहेत. एकदा ऐकायचाय."

तिथल्या बुकित बातोक भागात तिचा मुलगा मंदार राहतो. सरकारी इमारतींच्या रांगा, खिडक्यांबाहेर बांबूंवर वाळणारे कपडे. ताईने पुस्तक हातात घेतलं, आधी त्याचा वास घेतला. मंदारने उघडलं.

"मावशी, हे विणकामाचं आहे."

अगं बाई! आमच्या घरी झाडून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर, आणि वर नाव घालायचा सगळ्यांनाच कंटाळा. ताई हसली, पण तिचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी एमआरटीने (तिथली मेट्रो) शहरात गेलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या चिनी मालकाने मान हलवली. "टू ओल्ड, ऑन्टी. नोबडी रीड लाह!"

मग हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्या) बसलो. काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड लेप लावलेला पाव) आणि कोपी, म्हणजे आपली कॉफीच, पण कडक. ताई कप तसाच धरून बसली.

"जन्मभर दुसऱ्याचंच वाचून दाखवलं गं," ती म्हणाली. "माझं म्हणून काय उरलं?"

मी तिच्या पुढ्यात टोस्ट सरकवला.

संध्याकाळी मंदारला आमची शोधाशोध कळली. "एवढं जुनं तर फोनवर फुकट मिळतं! आधी बोलायचं ना!" ताई नेहमी सांगायची तो सौंदर्यावरचा निबंध काढून त्याने वाचायला आणि मला मराठीत सांगायला घेतला. ताई डोळे मिटून ऐकत होती. मी मात्र माझ्या आवडत्या ओळींची वाट बघत होते: भाकरी थापणं कधी थांबवायचं हे हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही. सुंदर काय तेही तसंच कळतं. ते येईचना. निबंध संपला.

"मंदार, पान गाळलंस का? भाकरीचं कुठंय?"

"मावशी, इंग्रज माणूस भाकरी कशाला थापेल?"

ताई खुदकन हसली. "ते माझं होतं गं. त्याचं उदाहरण तुला कळेना, म्हणून तुझ्या हाताकडे बघून सांगितलं."

"आणि नदीच्या घाटाचं? आईच्या लुगड्याचं?"

"तेही माझंच."

मला रडूच आलं. इतकी वर्षं ज्याला जीव लावला, तो पाटावर माझ्यासमोरच बसलेला होता. "ताई, काय उरलं म्हणून विचारत होतीस ना? मला फक्त तुझंच आठवतंय. त्या बुवाचं एक अक्षर नाही!" ताईने चाचपडत माझा हात शोधला आणि बराच वेळ सोडला नाही.

मिरजेला परतल्यावर खंड सापडला, कपाटात विणकामाच्या पुस्तकाच्या रिकाम्या जागेशेजारीच. कव्हर फाटलं होतं. नवं खाकी घातलं आणि या वेळी कंटाळा न करता वर मोठ्या अक्षरांत नाव घातलं: सुशीताई.