हेराल्डला ग्रीस

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या काही गल्ल्या अशा, की मोठी गाडी तोंड पुढे करून आत शिरली तर बाहेर पडताना उलटीच काढावी लागते. आणि नवरीची गाडी माहेरच्या दारातून उलटी काढायची नाही, हा देवमनच्या गल्लीतल्या बायकांचा कायदा. नवरी उलटी निघाली तर उलटी परत येते म्हणे. कुणी केला हा कायदा, कोण जाणे. पण मोडायची कुणाची टाप नव्हती.

देवमन फुलं पिकवणारा आणि विकणारा माळी. त्याच्याकडे एक पांढरी, दोन दारांची हेराल्ड होती. विलायती बांधणीची ही चिमुकली गाडी त्याच्या वडिलांनी, किसनरावांनी, जुनीच घेतली होती. तिचा मोठा गुण म्हणजे पुढची चाकं भलतीच वळायची. जिथे नव्या गाड्यांचे ड्रायव्हर मागेपुढे करून घामाघूम होत, तिथे ही एका दमात तोंड फिरवायची. म्हणून गल्लीतली प्रत्येक नवरी हेराल्डमधून सासरी गेली. वर शेवंतीच्या माळा देवमनच्याच, आणि स्टिअरिंगवरही तोच.

खोडीही होत्या तिच्यात, आणि थोड्याथोडक्या नव्हे. वळणावर वेग घेतला की मागचं चाक पोटाखाली मुडपू पाहायचं. पावसात पायाशी पाणी साचायचं. मे महिन्यात मूर्तिजापूरच्या अलीकडेच इंजिन तापून बसायचं. पण बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलथायचं, आणि टायरवर बसून इंजिनाचं सगळं काम करता यायचं! या एका सोयीपुढे देवमनला बाकीचं काही दिसत नसे. गाडीला कुणी नाव ठेवलं तर तो दोन दिवस त्याच्याशी बोलत नसे.

वडिलांनी गाडी हाती देताना सांगितलं होतं, "पुढच्या चाकाच्या सांध्याले तेल पाजत जाय." देवमनला ते चिक्कूपणाचं वाटलं. तेल काय, शिलाई मशीनलाही घालतात. आपल्या गाडीला चांगलं दाट ग्रीसच पाहिजे! दर दसऱ्याला पूजेआधी तो सांध्यात ग्रीस भरायचा, बाहेर ओघळेपर्यंत भरायचा, मग हळदकुंकू वाहायचा. देवमनसारखी गाडी ठेवावी, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि खरंच म्हणायची.

यंदा त्याच्या स्वतःच्या लेकीचं, वर्षालीचं, लग्न झालं. सासर तिवसा. दुर्गाबाई, म्हणजे देवमनची बायको, गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. बोलणं काय, तर कुलूप लावलं का आणि भाजीत मीठ जास्त झालं का. देवमनच्या मनात बरंच साचलं होतं. तुझ्याविना घर खायला उठेल, एवढं तरी तिला सांगायचं होतं. पण घरात, माणसांत, त्याची जीभ उचलत नसे. हेराल्डमध्ये मात्र तो मोकळा व्हायचा. पाठवणीच्या दिवशी सकाळी तो तिला म्हणाला, "रस्त्यानं बोलू आपण." जावई नितेश मागे झोपेलच, लग्नाचे नवरदेव बडनेरा यायच्या आत झोपतात असा त्याचा अनुभव होता. मग आरशात पाहत लेकीशी बोलायचं.

जोडी मागे बसली. बायका रडायला लागल्या. देवमननं गाडी सुरू केली, स्टिअरिंग पार शेवटपर्यंत वळवलं, आणि खाली कडाड वाजलं. गाडीचा एक कोपरा जमिनीवर आदळला. पुढचं चाक बाहेर आडवं पडलं होतं.

कुणाला खरचटलंही नाही. पाहुणा म्हणून अमरावतीहून आलेला चंद्रभान मिस्त्री नव्या कपड्यांनिशी खाली वाकला. तुटलेल्या सांध्यात बोट घातलं, तर आधी दगडासारखं वाळलेलं ग्रीस निघालं आणि मग गंज.

"भाऊ, इथं तेल लागते. ग्रीस कोनं भरलं?"

"मी. दर दसऱ्याले."

"ग्रीस सांध्याच्या आतल्या आट्यांपर्यंत जातच नाही. पानी शिरलं, सारं खाल्लं." चंद्रभान हात पुसत म्हणाला, "नशीब समजा गल्लीत तुटलं. हायवेवर तुटलं असतं तं पोरगी राह्यली नसती."

तो सहज बोलून गेला. देवमनच्या मात्र ते डोक्यातून जाईना. ज्या हातानं जपलं त्याच हातानं आपण मारत होतो, आणि किती लोकांच्या लेकी अशाच बसवून नेल्या! तो ओट्यावर बसला तो उठलाच नाही. वऱ्हाडी मंडळींची मोठी गाडी बोलावली गेली. बायकांनी पदर तोंडाला लावले, एकीनं मोठ्यानं नको नको म्हटलं, पण दुसरा इलाज नव्हता. गाडी उलटी निघाली. वर्षालीचं तोंड घराकडेच होतं, त्यामुळे वळण येईपर्यंत ती दिसत राहिली. तिनं हात हलवला. देवमननं मान खाली घातली.

मांडवपरतणीसाठी लेकीला माहेरी आणायचं होतं. तिनं तिवशाहून फोन केला.

"बाबा, मले घ्यायले कोन येऊन राह्यलं?"

"देवानंद काका येईन. भाड्याच्या गाडीनं."

"तुमी काहून नाही? चंद्रभान काकांनं चाक बसवलं म्हनते. सांधाबी नवा टाकला."

"बसवलं."

"मंग?"

नवा सांधा देवमननं पाहिला होता, चाक हलवून पाहिलं होतं, चंद्रभाननं तेलही त्याच्यासमोरच घातलं होतं. तरी त्या गाडीत लेकीला बसवायची कल्पना आली की तो किल्ली परत खुंटीला अडकवायचा.

"मले आता जमत नाही बाई," तो म्हणाला.

"मी तं तुमचीच वाट पाहून राह्यली होती. त्या दिवशी रस्त्यानं काहीतरी बोलनार होते ना तुमी? काय होतं?"

"काही नाही," देवमन म्हणाला. "गाडीचंच होतं."

ती "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.