कर्णिक मॅडमचा तुरुंग

अबुधाबीतल्या आमच्या जुन्या ऑफिसची मंडळी भेटली की गप्पा फिरून फिरून कर्णिक मॅडम आणि त्यांच्या तुरुंगावर येतात. नव्वदच्या दशकात आमच्या कन्सल्टन्सीला एका नव्या तुरुंगाचं डिझाइन मिळालं. मॅडम चीफ आर्किटेक्ट, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. तो उभा राहीपर्यंत आमची पोरं शाळेतून कॉलेजात गेली. एवढ्या वर्षांत किस्से साठणारच!

सुरुवातीलाच मॅडम म्हणाल्या, जुना तुरुंग आतून बघायचाय. सरकारी बाजूचे प्रमुख अबू राशिद संकोचले. "मॅडम, ती बायकांनी जायची जागा नाही."

"आत बायका आहेत ना? मग त्यांच्यापासूनच सुरू करू."

आतल्या बायकांना त्यांनी विचारलं, नव्या ठिकाणी काय हवं? बहुतेकींनी एकच मागितलं, संडासाला आडोसा. मॅडमनी नकाशात प्रत्येक कोठडीत संडासापुढे, खाली फट ठेवून, अर्धी भिंत आखली. आमचा सिक्युरिटी एक्स्पर्ट, एक गोरा, हटून बसला. गार्डला कैदी दिसलाच पाहिजे.

"डोकं दिसेल, पाय दिसतील," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मधलं बघून तुम्हाला काय करायचंय?"

भिंत राहिली.

त्या दिवसांत पुण्याहून त्यांच्या सासूबाईंचा फोन आला. फोन घेतला मुलीने, वाढलेली इथलीच.

"आई कुठाय गं?"

"आजी, शी इज इन जेल. सहाला येईल."

सासूबाई म्हणाल्या, "रोज घरी सोडतात का?"

पुढे बजेटला कात्री लागली. पहिली कात्री कशावर, तर भेटीला येणाऱ्या नातेवाइकांच्या हॉलवर. मीटिंगमध्ये मॅडम काहीच बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं, हरल्या. पण निघताना त्यांनी अबू राशिदना विनंती केली, भेटीच्या दिवशी जुन्या गेटवर दहा मिनिटं या.

ऑगस्टची दुपार होती. गेटबाहेर बायका पोरांना कडेवर घेऊन भिंतीच्या वीतभर सावलीत उभ्या होत्या. अबू राशिद गाडीतून उतरले आणि मॅडमशेजारी उभे राहिले. ड्रायव्हरने छत्री आणली, ती त्यांनी एका म्हातारीला दिली. दहा मिनिटांनी घाम पुसत ते एवढंच म्हणाले, "खलास, ठरलं. हॉल राहील."

मग एकदा सगळं कामच थांबलं. फंड दुसरीकडे वळले, आम्हाला दुसरी प्रोजेक्ट्स मिळाली. मॅडम मात्र दर दिवाळीला अबू राशिदकडे फराळ घेऊन जायच्या. चकल्या, करंज्या, बायको-मुलांची चौकशी. तुरुंगाचं नावसुद्धा नाही. शेवटी एका दिवाळीला त्यांनाच राहवलं नाही. "मॅडम, तुम्ही विचारत का नाही?"

"विचारलं तर तुम्हाला 'इन्शाल्ला, होईल' म्हणावं लागेल. मग चकली गोड लागायची नाही."

पुढच्या वर्षी काम सुरू झालं.

आणि हा शेवटचा किस्सा माझ्यासमोर घडलेला. तुरुंग सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, बाजूला नवा विभाग बांधायचा होता. मीटिंगला जाताना मॅडमनी आमच्या टॅक्सीवाल्याला तुरुंगाच्या भिंतीपाशी गाडी हळू घ्यायला सांगितली. तो पेशावरचा, पन्नाशीचा. म्हणाला, "उधर क्या देखना, मॅडम?"

"मैंने बनाया है."

त्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ॲक्सिडेंट के केस में मैं अंदर था. जगह अच्छी है. साफ है, ठंडी है. बस, रमज़ान में एक तकलीफ़ हुई. सब खिड़कियाँ उत्तर में हैं, नया चाँद पश्चिम में दिखता है. रमज़ान का भी, ईद का भी, चाँद गार्ड से पूछना पड़ा."

उन्हाचा ताप नको म्हणून पश्चिमेच्या भिंती मॅडमनीच बंद ठेवल्या होत्या.

मीटिंगमध्ये त्यांनी पेन्सिल घेतली आणि नव्या विभागाच्या पश्चिमेच्या भिंतीत, उंचावर, एक अरुंद फट काढली. अबू राशिद चमकले.

"पश्चिमेला? या उन्हात? कशासाठी?"

"वर्षातून दोनदा लागेल," मॅडम म्हणाल्या.

अबू राशिद नकाशाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो मॅडमकडे परत सरकवला.

"जरा रुंद करा."